युद्धासाठी जीवाणू पाळणारा रसायनशास्त्रज्ञ

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर वळसंगजवळ उसाच्या ट्रॉलीमागे गाडी अडकते. त्या उसाच्या मळीपासून यीस्ट इथेनॉल बनवते आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण पेट्रोलला त्याहून जवळचे इंधन म्हणजे ब्युटेनॉल. त्यात ऊर्जा जास्त असते आणि ते पाणी कमी शोषते. ते जीवाणूंकडून कारखान्यात करून घेणारे खाइम वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

त्यांचा जन्म १८७४ मध्ये, आजच्या बेलारूसमधील मोटल गावात झाला. वडील लाकडाचे व्यापारी. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये शिकून ते १९०४ मध्ये मँचेस्टरला आले. कृत्रिम रबरासाठी तेव्हा ब्युटेनॉल हवे होते. रसायनशास्त्रातल्या या माणसाने मग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत जाऊन जीवाणूशास्त्राचे धडे घेतले. त्यांना सापडलेला क्लॉस्ट्रिडियम जातीचा जीवाणू हवेशिवाय वाढे आणि धान्यातला स्टार्च थेट खाई. यीस्टला ते जमत नाही. मिश्रण पुन्हा पुन्हा तापवायचे, जे जीवाणू तगतील तेच पुढे वाढवायचे, अशी त्यांची पद्धत. शेतकरी चांगल्या कणसाचे बियाणे राखून ठेवतो, तसेच हे.

पहिले महायुद्ध पेटले आणि मागणी बदलली. तोफगोळ्यांतल्या कॉर्डाइटसाठी अ‍ॅसिटोन लागे. तोवर ते लाकूड भाजून काढत, आणि त्यासाठी लाकूड अफाट लागे. वाइझमन यांचा जीवाणू तीन भाग अ‍ॅसिटोन देई, सोबत सहा भाग ब्युटेनॉल आणि एक भाग इथेनॉल. ब्रिटिश नौदलाने लंडनच्या एका जिनच्या डिस्टिलरीत प्रयोग करू दिला आणि तो यशस्वी झाला. पाणबुड्यांमुळे मका येईना, तेव्हा १९१७ मध्ये शाळकरी मुलांकडून हॉर्स चेस्टनटची फळे गोळा करवली. ती फारशी उपयोगी पडली नाहीत. उत्पादन कॅनडा-अमेरिकेत गेले. आपल्या नाशिक रोडलाही तेव्हा अ‍ॅसिटोनचा कारखाना उभारला गेला.

ज्या ब्युटेनॉलसाठी सगळा खटाटोप सुरू झाला, ते युद्धकाळात नकोसे झाले होते. पुढे मोटारींच्या झटपट वाळणाऱ्या रंगासाठी त्यालाच भाव आला. मग स्वस्त खनिज तेलाने ही किण्वन पद्धत बाजारातून जवळपास हुसकावून लावली.

वाइझमन यांचे राजकारण हा वेगळा आणि आजही वादाचा विषय आहे. त्याच धामधुमीत त्यांनी १९३४ मध्ये रेहोवोत इथे संशोधन संस्था उभारली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असलेला त्यांचा मुलगा मायकेल बेपत्ता झाला. १९४९ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९५२ मध्ये वारले.

त्यांच्या जीवाणूची खोड मात्र कायम आहे. ब्युटेनॉल टक्का-दीड टक्क्यावर गेले की स्वतःच्याच उत्पादनाने तो गारद होतो, आणि एवढ्या पातळ द्रवातून इंधन वेगळे काढायला ऊर्जा फार खर्च होते. त्याचा जीनोम २००१ मध्ये वाचला गेला. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात जेम्स लियाओ यांच्या गटाने वेगळी वाट धरली. अमिनो आम्ले बनवण्याचा ई. कोलायचा मार्ग वळवून त्याच्याकडून आयसोब्युटेनॉल करून घेतले. विषबाधेची अडचण तिथेही सुटलेली नाही.