दिव्या-अडकित्त्यांचे धनी : काकासाहेब केळकर

आपल्या हैदराबाद शहरात राहून सालारजंग संग्रहालय पाहिले नाही, असा विद्यार्थी विरळाच. मुसा नदीच्या काठावरील त्या भव्य इमारतीत आम्हीही विद्यार्थ्यांस घेऊन अनेकदा गेलो आहोत. तासाचे ठोके देणाऱ्या त्या प्रसिद्ध घड्याळापुढे दाटीवाटीने उभे राहावे, संगमरवरातून कोरलेल्या तलम पदराआडचा रिबेकाचा चेहरा पाहून थक्क व्हावे, आणि पाय दुखू लागले की बाहेर येऊन डबे सोडावेत, असा आमच्या सहलीचा ठरलेला क्रम. अशाच एका सहलीहून परत येताना सातवीतील एका मुलीने आम्हांस विचारले की, आज इतक्या वस्तू पाहिल्या, परंतु आपल्या आजीच्या घरी असतात तसल्या वस्तू कोणीच का जपून ठेवीत नाही? प्रश्न साधा होता, पण आम्ही त्यावर विचार करू लागलो. कारण तसल्या वस्तू जपण्यासाठी ज्याने आपले सारे आयुष्य वेचले, असा एक मनुष्य पुण्यात होऊन गेला, आणि त्याचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस फारसे परिचित नाही. तेच येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

त्यांचे नाव दिनकर गंगाधर केळकर. सारे पुणे त्यांस काकासाहेब म्हणून ओळखी. त्यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. आपले तिसरे सालारजंग, म्हणजे मीर युसुफ अली खान, हे १८८९ साली जन्मले. तेव्हा हे दोन थोर संग्राहक अवघ्या ७ वर्षांच्या अंतराने या जगात आले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु दोघांच्या परिस्थितीत मात्र जमीनअस्मानाचे अंतर होते. सालारजंग हे पिढ्यान्‌पिढ्या दिवाणपद भूषविणाऱ्या घराण्याचे वारस. १९१२ ते १९१४ या काळात ते स्वतः निजामाचे दिवाण होते, आणि ते पद सोडल्यावर अपार संपत्ती व उरलेले आयुष्य त्यांनी कलावस्तूंच्या संग्रहास वाहिले. केळकरांच्या घरी चष्म्यांचा व्यवसाय होता. दुकानात बसून लोकांची दृष्टी सुधारावी आणि त्यातून मिळेल त्यावर संसार चालवावा, अशी ती मध्यम स्थिती.

केळकर कवी होते. मराठी कवितेच्या वाचकांस ते ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने परिचित आहेत. इतिहासाची त्यांना मनापासून ओढ होती, आणि त्या ओढीतूनच १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करण्याचा नाद त्यांस लागला. इतिहासाच्या वेडाने भारलेला तरुण बहुधा तलवारी, कट्यारी, ढाली यांच्यामागे धावतो. केळकरांनाही शस्त्रांचे आकर्षण होतेच. परंतु त्यांची नजर तेथेच थांबली नाही. तलवार फार तर शिपायाची किंवा सरदाराची हकिकत सांगेल. पण त्या काळी घराघरांतून जी हजारो माणसे जगली, त्यांनी काय खाल्ले, कशाच्या उजेडात ती वावरली, पाहुण्याचे स्वागत त्यांनी कसे केले, हे तलवार सांगू शकत नाही. ते सांगणाऱ्या वस्तू स्वयंपाकघरात, देवघरात, माजघरात आणि माळ्यावर पडलेल्या असतात. केळकर त्यांच्या शोधास लागले.

तो काळही मोठा संक्रमणाचा होता. घरोघरी विजेचे दिवे येत होते, त्याबरोबर लामणदिवे आणि समया माळ्यावर जात होत्या. पुढे यंत्रावर बनलेली स्वस्त भांडी आली, आणखी पुढे स्टेनलेस स्टील आले. मग तांब्यापितळेची जुनी भांडी वजनावर मोडीत निघू लागली. दोन-तीन पिढ्यांनी हाताळलेला दिवा तराजूत पडला की तो केवळ इतके शेर पितळ होतो. तो कोणाचा होता, कोठे टांगलेला होता, हे तराजूला कळत नाही. भट्टीत जाऊन वितळण्यापूर्वी या वस्तूंस गाठणे, हेच केळकरांचे आयुष्यभराचे काम होऊन बसले. त्यासाठी ते देशभर हिंडले. जुने वाडे, जुने बाजार, खेड्यातील घरे त्यांनी पालथी घातली. पदरचा पैसा या कामी सतत खर्ची पडत होता. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी या सर्व उद्योगात त्यांस मनःपूर्वक साथ दिली. घरात नवी वस्तू येण्याऐवजी कोणाची तरी जुनी वस्तू येत आहे, हे कित्येक वर्षे आनंदाने सोसणे सोपे नव्हे. म्हणूनच संग्रहाचे श्रेय देताना त्या माउलीचे नावही आदराने घेतले पाहिजे.

आता या संग्रहातील दोन-तीन वस्तूंचाच विचार करू. अडकित्ता घ्या. सुपारी कातरण्यास दोन पाती आणि एक खीळ एवढे पुरेसे आहे. परंतु केळकरांनी जमविलेल्या अडकित्त्यांत कोठे घोडा आहे, कोठे स्त्री-पुरुषांची जोडी आहे. असे का? कारण अडकित्ता हा पाहुण्यासमोर निघत असे. आल्यागेल्याला पानसुपारी देणे हा घराचा मान होता, आणि त्या मानाला साजेसे हत्यार असावे अशी घरधन्याची हौस होती. दुसरी वस्तू वज्री. पायांच्या टाचा घासण्याचे हे लहानसे साधन. खालचा भाग खरखरीत, आणि वर हाताने धरण्यासाठी पक्षी किंवा प्राणी घडविलेला. वज्री आपणांस सांगते की तिच्या काळची माणसे पुष्कळशी अनवाणी चालत. आणि हेही सांगते की न्हाणीघरासारख्या आडोशाच्या जागी, जेथे दुसऱ्या कोणाची दृष्टी जाणार नाही, तेथेही त्यांना सुंदर वस्तू हवीशी वाटे. तिसरी वस्तू दिवा. लग्नकार्यात हाती धरावयाचा लामणदिवा, देवापुढील समई, ओवाळावयाचे निरांजन यांचे घाट वेगळे, कारण त्यांचे प्रसंग वेगळे. कोणत्या वेळी उजेड कोठे पडावा आणि त्यात कोणाचे मुख दिसावे, याचा विचार त्या घडविणाऱ्याने केलेला असतो.

हे घडविणारे कोण? तांबट, कासार, सुतार, सोनार. वापरणारे कोण? तुमच्याआमच्यासारखी प्रापंचिक माणसे, आणि त्यांतही बहुतेक स्त्रिया. बखरींत त्यांची नावे आढळत नाहीत. त्यांनी मागे ठेवलेला लेख म्हणजे या वस्तूच होत. कवितेखाली ‘अज्ञातवासी’ अशी सही करणाऱ्या या कवीने खऱ्या अज्ञातवासींनाच आपल्या संग्रहात स्थान दिले, हा योगायोग आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो.

याच काळात केळकर दांपत्यावर मोठा आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा हा अगदी लहान वयात मृत्यू पावला. त्या दुःखाविषयी आम्ही अधिक लिहीत नाही. एवढेच सांगतो की, पुण्यात बाजीराव रस्त्यावर जे संग्रहालय उभे राहिले, त्यास केळकरांनी स्वतःचे नाव न देता या मुलाचे नाव दिले. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे नाव ऐकून अनेकांचा समज होतो की हा कोणा संस्थानिकाचा खजिना असावा. प्रत्यक्षात तो राजा म्हणजे एक लहान मूल होते, आणि आतील बहुतेक खजिना हा सामान्य घरांतील आहे. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेष आणून त्यांची पुनर्रचनाही तेथे केलेली आहे. पण त्या महालाजवळच स्वयंपाकाची भांडी, दौती, कुलपे, वाद्ये आणि खेळणीही मानाने बसलेली आहेत.

संग्रह वाढत वाढत २०,०००हून अधिक वस्तूंचा झाला. जागेअभावी त्यांतील सुमारे २,५०० वस्तूच मांडता येतात. बाजारभावाने विकला असता तर हा संग्रह केळकरांस धनाढ्य करून गेला असता. त्यांनी तसे केले नाही. १९७५ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, तो सर्व संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पुणे विद्यापीठाने त्यांस सन्माननीय डी. लिट्. ही पदवी दिली, आणि १९८० साली भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९५व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

हे चरित्र लिहिताना आम्हांस आमची स्वतःची एक चूक आठवते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. आमचे घर कोकणीभाषक. आमची आजी नव्या सुनेच्या वयात हैदराबादेस आली, तेव्हा तिने गावाकडून तीन वस्तू आणल्या होत्या : एक समई, एक अडकित्ता आणि एक आदोळी, म्हणजे नारळ खोवण्याची विळी. आजी गेल्यानंतर घराची आवराआवर करताना आम्हीच समई आणि अडकित्ता मोडीत घातला. किती पैसे आले हेही आज स्मरत नाही. आदोळी मात्र राहिली. कारण लाकडाला आणि गंजलेल्या लोखंडाला मोडवाला भाव देईना. पुढे एकदा मराठवाड्याचे एक स्नेही घरी आले असता त्यांनी ती पाहिली आणि आम्ही मूळचे समुद्रकाठचे काय, असे लगेच विचारले. त्यांच्या घरी जोंधळ्याची भाकरी थापण्याची काठवट होती. आमचे आडनाव, आमची भाषा यांहून आधी त्या आदोळीने आमची ओळख करून दिली. त्या समईने आणि अडकित्त्याने आणखी काय सांगितले असते, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

या शहरातील मराठी कुटुंबांपुरता हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला. तिकडची माणसे तिकडे गेली, पुष्कळ कुटुंबे येथेच राहिली. सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी येथील जुन्या घरांतून आता नव्या वस्त्यांत आणि लहान सदनिकांत बिऱ्हाडे हलत आहेत. प्रत्येक स्थलांतरात काही वस्तू टाकल्या जातात. सर्वच ठेवणे शक्य नाही, आणि आम्ही तसे म्हणतही नाही. केळकरांसारखे २०,००० वस्तूंचे धनी होणे एखाद्याच्याच वाट्यास येते.

परंतु विद्यार्थिमित्रहो, एक गोष्ट तुमच्या हातची आहे. येत्या सुट्टीत आपल्या आजी-आजोबांजवळ बसा. घरातील एक जुनी वस्तू, मग तो डबा असो, पाट असो की कुंकवाचा करंडा असो, त्यांच्या हाती द्या आणि ती कोठून आली, कोणी वापरली, कशी वापरली हे विचारून वहीत लिहून ठेवा. शाळा उघडल्यावर ती वही आम्हांस दाखवा. सहलीत प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने तिची वही केव्हाच सुरू केली आहे. तिच्या पहिल्या पानावर तिच्या पणजीच्या उखळाची हकिकत आहे.