झोपाळू म्हणून हिणवला गेलेला राष्ट्राध्यक्ष

अमेरिकेचे २७ वे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट (१८५७-१९३०) यांच्या देहाइतकीच त्यांच्या झोपेचीही थट्टा झाली. १९०९ ते १९१३ या कारकीर्दीत त्यांचे वजन दीडशे किलोंच्या घरात होते. पत्ते खेळताना, चर्चमध्ये, इतकेच काय, अंत्यविधीतही त्यांचा डोळा लागे. त्यांचे लष्करी सहायक आर्चिबाल्ड बट यांनी आपल्या पत्रांत अशा प्रसंगांची नोंद करून ठेवली आहे.

हा आळस नव्हता. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग बंद होतो, श्वासासाठी झोप वारंवार मोडते आणि ती दिवसा वसूल होते. टॅफ्ट यांना हाच ‘स्लीप अ‍ॅप्निया’ असावा, असे निदान डॉ. जॉन सोटोस यांनी जुन्या नोंदींवरून २००३ मध्ये मांडले. मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारे यंत्र सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणले. टॅफ्ट यांच्या हाती होता तो फक्त वजनकाटा.

१९०५ मध्ये लंडनच्या डॉ. यॉर्क-डेव्हिस यांच्याकडून टपालाने आहाराचा सल्ला घेऊन त्यांनी वजन उतरवले. ते पुन्हा चढले. पदावरून उतरल्यावर मात्र, येल विद्यापीठात कायदा शिकवताना, वर्षभरात सुमारे ३० किलो वजन घटले आणि दिवसाची झोपही गेली. १९२१ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. ही दोन्ही पदे भूषविणारे ते एकमेव. या काळात ते न्यायालयात पायी जात. वाटेवरील पुलाला १९३१ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.