शिवकर बापूजी तळपदे आणि आमचे विमान

माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो आणि पालकसभेला आलेल्या काका-काकूंनो, या महिन्याच्या भित्तिपत्रकात थोर व्यक्तीचे चरित्र लिहायची पाळी माझी आहे. मागच्या महिन्यात सावित्रीबाई फुले झाल्या, त्याच्या आधी गाडगेबाबा झाले. मी शिवकर बापूजी तळपदे यांना निवडले. कारण आमच्या घरी विमान आहे. बसायचे विमान नाही, लहान आहे, पण त्याला खरे इंजिन आहे. ते उडते का नाही ते पुढे सांगते.

शिवकर बापूजी तळपदे यांचा जन्म १८६४ साली मुंबई येथे पाठारे प्रभू समाजात झाला. ते दहा वर्षांचे म्हणजे माझ्याएवढे होते तेव्हा, १८७४ साली, मुंबईत ट्रामगाडी सुरू झाली आणि ती घोडे ओढत होते. मोटारगाडी अजून कोठेच नव्हती. पुढच्याच वर्षी स्वामी दयानंद सरस्वती यांनी मुंबईत आर्य समाज स्थापन केला. याचा तळपद्यांच्या आयुष्याशी पुढे संबंध आला.

मोठेपणी ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षक झाले. ही चित्रकलेची आणि हस्तकलेची शाळा १८५७ साली सुरू झाली, ती आजही आहे. म्हणजे तळपदे विमानाच्या कारखान्यातले नव्हते, हाताने वस्तू करायला शिकवणारे गुरुजी होते. त्यांना संस्कृतची फार आवड होती. त्यांचे गुरू चिरंजीलाल वर्मा यांनी त्यांना स्वामी दयानंदांचे ग्रंथ वाचायला सांगितले. त्यात वेदांमध्ये विमानविद्या आहे असे लिहिले होते. ते वाचून तळपद्यांनी ठरवले की आपण विमान करायचेच. पुष्पक विमान आपल्यालाही रामायणामुळे माहीत आहे. रामटेकच्या सहलीत गुरुजींनी ती गोष्ट सांगितली होती तेव्हा आम्ही सगळे वर आकाशात पाहत होतो आणि वरून माकडे उतरली. पण ते राहू द्या.

तळपद्यांनी जे यंत्र केले त्याचे नाव मरुत्सखा. मरुत् म्हणजे वारा आणि सखा म्हणजे मित्र. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर ते यंत्र पुष्कळ लोकांच्या समोर दीड हजार फूट उंच उडाले आणि खाली पडले, असे सांगतात. त्यात माणूस बसला नव्हता असेही सांगतात. तेव्हा त्यांचे वय एकतीस होते.

माझ्या पहिल्या कागदावर मी असे लिहिले होते की तळपदे हे जगात सर्वात आधी विमान उडवणारे, अमेरिकेतल्या राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी. खाली तिरंगाही काढला होता. गुरुजींनी त्या वाक्याभोवती लाल गोल केला. मला वाटले शुद्धलेखन चुकले. पण त्यांनी विचारले की ते किती वेळ उडाले, कोणी मोजले, आणि त्याच दिवशी कोणी लिहून ठेवले का. मला एकही उत्तर आले नाही. गुरुजी म्हणाले, घरी तुमचे विमान आहे ना, ते तू तीन चकरा मारताना पाहिले ना, त्याचे तरी सांग. मी खाली पाहिले.

आता मी विमानाचे सांगते.

माझ्या मोठ्या बाबांचा मुलगा, म्हणजे माझा दादा, कॉलेजात आहे आणि एनसीसीच्या एअर विंगमध्ये आहे. त्यांना तिथे लहान विमाने करायला शिकवतात. दिवाळीच्या सुटीत त्याने एक लांब खोका आणला. त्यात बाल्सा नावाच्या लाकडाच्या पट्ट्या होत्या. हे लाकूड इतके हलके की मला वाटले थर्माकोल आहे. डाव्या आणि उजव्या पंखाच्या मध्ये प्लायवूडचा तुकडा घालून दोन नळ्यांचा गोंद कालवून जोडले. टोके थोडी वर ठेवली, म्हणजे विमान वाकडे झाले तर आपोआप सरळ व्हायला मदत होते. मग रंगीत प्लास्टिकचा पातळ कागद इस्त्रीने चिकटवला. गरम झाला की तो आकसतो आणि ढोलकीच्या चामड्यासारखा ताणून बसतो. मोठी आई ओरडली, कारण इस्त्री तिची होती. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत पाच फूट झाले. आमच्या दारातून आडवे निघत नाहीत, तिरपे काढावे लागतात.

इंजिन माझ्या मुठीएवढे आहे. ते पेट्रोलवर चालत नाही. त्याचे इंधन म्हणजे मिथेनॉल, थोडे नायट्रोमिथेन आणि चक्क एरंडेल तेल. आबाजी पोट साफ व्हायला पितात तेच एरंडेल. आतले भाग घासू नयेत म्हणून ते लागते. मिथेनॉल मात्र विषारी असते, त्याला हात लावू देत नाहीत. इंजिनाच्या डोक्यावर एक प्लग असतो, त्यात बारीक तार असते. सुरू करताना तिला दीड व्होल्टची बॅटरी लावून लाल करतात. एकदा इंजिन धडधडायला लागले की बॅटरी काढली तरी तार लालच राहते. टाकीच्या आत रबराची नळी असते आणि तिच्या टोकाला वजन असते, म्हणजे विमान वर-खाली झाले तरी नळीचे तोंड इंधनातच पडते. ही युक्ती मला सगळ्यात जास्त आवडली.

पोटात रेडिओ बसतो. तो स्पंजमध्ये गुंडाळला, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने खराब होतो. त्याला चार लहान मोटरी जोडल्या, त्यांना सर्वो म्हणतात. एक इंजिनाचा वेग कमी-जास्त करते, एक शेपटीचा आडवा पडदा हलवते, एक उभा पडदा हलवते आणि एक पंखांचे. दादाच्या हातात डबा असतो, त्याच्या दोन दांड्या हलवल्या की तारेशिवाय इकडे पडदे हलतात. आधी हातातला डबा चालू करायचा, मग विमान. उलटे करायचे नाही. फिरणाऱ्या पंख्याजवळ तर मला उभेच राहू दिले नाही.

सोनेगावचे विमानतळ आपल्या गावापासून फार लांब नाही, म्हणून असले विमान कोठेही मनाने उडवता येत नाही. दादाच्या सरांनी रीतसर विचारून दिवस आणि जागा ठरवली. ती जागा म्हणजे आमच्या वावराच्या पलीकडच्या ले-आउटचा मुरमाचा रस्ता. तिथे अजून घरे झालेली नाहीत. दादा, मोठे बाबा आणि मी असे तिघेच गेलो. विमान धावले, उठले, आणि नाक वर, आणखी वर, पार आकाशाकडे केले. मग हवेत थांबल्यासारखे झाले आणि डाव्या पंखावर कलंडून तुरीच्या वावरात पडले. बस.

झाले असे होते की बॅटरीला पुढे जागा नव्हती म्हणून दादाने ती मागे शेपटीकडे ठेवली होती आणि घाईत तोल पाहिलाच नव्हता. शेपूट जड झाली की विमान नाक वर करते आणि मग पंखाखाली धरून ठेवणारी हवा राहत नाही. आपल्या पतंगाची कन्नी चुकीच्या जागी बांधली की तो जसा गोते खातो तसेच.

मी सोमवारी वर्गात सांगितले की आमच्या विमानाने पाण्याच्या टाकीला तीन चकरा मारल्या. तुम्ही सगळ्यांनी ऐकले आणि तुम्हाला खरे वाटले. मधल्या सुटीत तिसरीचे पोट्टे मला विचारायला आले तर त्यांच्या गोष्टीत पाच चकरा झाल्या होत्या, आणि मी नाही म्हटले नाही. ते खोटे होते. आईला हे आज या कागदावरूनच कळेल.

गुरुजींनी लाल गोल केल्यावर मी घरी जाऊन विचारले की आपले विमान किती वेळ उडाले. दादा म्हणाला सहा सेकंद. मोठे बाबा म्हणाले चार. मला दहा वाटले होते. आम्ही तिघेही तिथेच उभे होतो आणि एकालाही नक्की माहीत नाही, कारण कोणी मोजले नव्हते. ही तर एका आठवड्यापूर्वीची गोष्ट. तळपद्यांच्या गोष्टीला सव्वाशे वर्षे होऊन गेली आहेत.

मग गुरुजींनी मला शोधायला मदत केली. केसरीत बातमी आली होती असे लोक सांगतात, पण तारखेसह तो अंक पुढे आलेला नाही. यंत्राचा फोटो नाही, मोजमाप नाही, तुकडाही नाही. कोणी म्हणतात आत पारा होता, कोणी दुसरेच म्हणतात. पुढे तळपदे सुब्बराय शास्त्री नावाच्या पंडितांबरोबरही काम करत होते. या शास्त्रींनी सांगितलेला वैमानिक शास्त्र नावाचा ग्रंथ आहे. १९७४ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच शास्त्रज्ञांनी तो तपासला. तो प्राचीन नाही, विसाव्या शतकातलाच आहे आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असे त्यांनी लिहिले.

त्याच काळात दुसरीकडे काय झाले तेही मी लिहून घेतले. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत सॅम्युएल लँगली यांनी माणूस नसलेले, वाफेच्या इंजिनाचे विमान एका होडीच्या छपरावरून उडवले. ते जवळजवळ एक किलोमीटर गेले. तिथे टेलिफोनवाले ग्रॅहम बेल हजर होते आणि त्यांनी फोटो काढला. १९०१ साली लँगलींचे पेट्रोलवर चालणारे लहान विमान उडाले. दादा म्हणतो, ते आपल्या विमानाचे पणजोबा. आणि राइट बंधू १७ डिसेंबर १९०३ रोजी उडाले तेव्हा पहिल्यांदा फक्त बारा सेकंद, १२० फूट. एवढेच! पण पाच माणसे पाहायला होती, त्यातल्या एकाने फोटो काढला, आणि त्या दिवशीचे सर्वात लांब उड्डाण एकोणसाठ सेकंद, ८५२ फूट, असे मोजून लिहिले.

मला तळपद्यांचे वाईट वाटले. मी दादाला विचारले की ते खोटे बोलले असतील का. तो म्हणाला, ही मोठमोठी वर्णने पुष्कळशी नंतरच्या लोकांनी केलेली, त्यांना कशाला खोटे ठरवायचे. त्यांनी यंत्राचा ध्यास घेतला होता हे तर खरे. मला पण तसेच वाटते. त्यांच्या जवळ बाल्सा लाकूड नव्हते, मुठीएवढे इंजिन नव्हते, खोक्यात नकाशा आला नव्हता. चौपाटीवर त्यांचे यंत्र वाळूतून एक हात जरी उठले असेल तरी त्यांना किती आनंद झाला असेल. आमचे चार सेकंद का सहा सेकंद उडाले तर मी रात्री झोपले नव्हते. फक्त जगात पहिले असे मी आता लिहिणार नाही.

तळपदे हयात असतानाच १८ फेब्रुवारी १९११ रोजी आपल्या देशात अलाहाबादहून नैनीला विमानाने टपाल गेले. ते त्यांना कळले असेल तर काय वाटले असेल, हे मी पुष्कळ वेळ विचार करत होते. पहिले महायुद्ध चालू असतानाच ते वारले. २०१५ साली त्यांच्यावर हवाईजादा नावाचा हिंदी सिनेमा निघाला. त्यात विमान छान उडते, पण तो सिनेमा आहे.

दादाने मोडलेला पंख पुन्हा जोडला. बॅटरी आता टाकीच्या खाली नाकाजवळ बसवली. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागे मोजून दोन खुणा केल्या आणि त्या खुणांखाली एकेक बोट लावून विमान उचलले, तेव्हा ते सरळ राहिले. वजन मोठ्या आईच्या काट्यावर अडीच किलो भरले. मग रेडिओची परीक्षा घेतली. मी विमान धरून उभी आणि दादा डबा घेऊन धुऱ्यापर्यंत चालत गेला, पडदे बरोबर हलत होते का ते मी ओरडून सांगत होते.

गेल्या रविवारी पुन्हा उडवले. या वेळी घड्याळ माझ्याजवळ होते आणि वही पण. आबाजी, मोठे बाबा आणि शेजारचे एक काका असे पाहायला होते. चाके जमिनीवरून उठल्यापासून टेकेपर्यंत एक मिनिट बावन्न सेकंद झाले. ले-आउटवरून दोन चकरा झाल्या, मग इंजिन बंद पडले आणि ते तसेच तरंगत उतरले. उजवे चाक वाकले. वहीवर तिघांच्या सह्या घेतल्या, आबाजींनी अंगठा दिला कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. वही गुरुजींच्या टेबलावर आहे, कोणीही पाहू शकता.

पाण्याच्या टाकीला त्याने चक्कर मारली नाही. टाकी फार लांब आहे.