सर विठ्ठलदास ठाकरसी व त्यांचे विद्यादान

इचलकरंजीत इ. स. १९०४ साली विठ्ठलराव दातार ह्यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि पुढे ह्या गावाचे पोट मागावरच चालू लागले. सुतापासून कापड होते व कापडापासून पैसा होतो, हे येथील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु पैशापासून पुढे काय व्हावे, हा प्रश्न थोडेच लोक स्वतःस विचारितात. ज्या एका गिरणीवाल्याने तो विचारिला, त्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

विठ्ठलदास दामोदर ठाकरसी ह्यांचा जन्म इ. स. १८७३ मध्ये मुंबईच्या एका भाटिया कुटुंबात झाला. कापडाच्या गिरण्या हा घरचा धंदा. तो त्यांनी नेटाने चालविला. इ. स. १९०८ मध्ये त्यांस सर ही पदवी मिळाली. शेतकऱ्यांच्या पतपेढ्यांस भांडवल मिळावे म्हणून इ. स. १९११ मध्ये त्यांनी लल्लूभाई सामळदास ह्यांच्यासह मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढिली.

इकडे पुण्याजवळ हिंगणे येथे धोंडो केशव कर्वे ह्यांनी इ. स. १९१६ मध्ये स्त्रियांकरिता विद्यापीठ उघडिले. जपानातील महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांस ही कल्पना सुचली होती. आरंभी विद्यार्थिनी अवघ्या पाच. शिक्षण मातृभाषेतून, सरकारची मान्यता नाही. कर्वे गावोगाव फिरून वर्गणी मागत, आणि पुष्कळांनी यथाशक्ती दिलेल्या लहान रकमांवर ते रोपटे जगत असे.

पुढे सर विठ्ठलदास सपत्नीक जपानास गेले, तेव्हा टोकियो येथील ते विद्यापीठ त्यांनी स्वतः पाहिले. परत आल्यावर इ. स. १९२० मध्ये त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लक्ष रुपयांचे दान जाहीर केले. विद्यापीठास आपल्या मातोश्री नाथीबाई ह्यांचे नाव द्यावे व त्याचे ठाणे मुंबईस आणावे, अशा अटी त्यांनी घातल्या. दानाची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. मुद्दल एकदम खर्चून टाकावयाचे नव्हते. शेकडा साडेतीन दराने त्याचे होणारे व्याज, म्हणजे ५२,५०० रुपये, दरसाल विद्यापीठास मिळावयाचे होते.

दान जाहीर होऊन दोनच वर्षे लोटली, तोच इ. स. १९२२ मध्ये, पन्नाशी गाठण्यापूर्वी, सर विठ्ठलदास निवर्तले. परंतु काम थांबले नाही. विद्यापीठाचे ठाणे इ. स. १९३६ मध्ये मुंबईस गेले; स्वराज्यानंतर त्यास कायद्याची मान्यता मिळाली. त्यांच्या पत्नी प्रेमलीलाबाई ह्यांनी विद्यापीठाच्या कुलगुरूपदाची धुरा वाहिली. आज सहस्रावधी मुली तेथे शिकतात.

कोणी म्हणेल, लक्षाधीशाची गोष्ट आम्हां गरिबांस कशाला? आमचे उत्तर असे. पंधरा लक्ष येण्यापूर्वी चार वर्षे ते विद्यापीठ लहान वर्गण्यांनीच जिवंत ठेविले होते. ते मेले असते, तर मोठे दान कोणास दिले असते? दुसरे असे की, दात्याने मुद्दल राखून फळ वाटण्याची योजना केली. ही रीत गरिबासही साधते. एखाद्या खेड्यातील मंडळीने दर हप्त्यास थोडेथोडे शिल्लक टाकून ते मोडले नाही, तर काही वर्षांनी त्याच्या व्याजातून एका मुलीची पुस्तके तरी खात्रीने येतील. धोटा एका फेरीत एकच धागा घालितो. तरी संध्याकाळपर्यंत कापड विणून होते.