राहिलेला गृहपाठ

इतिहासाच्या तासाला मी मागच्या बाकावर गणितं सोडवायचे, बाईंना आठवत असेलच! म्हणून हा उशिराचा गृहपाठ.

रॉबर्ट स्मॉल्स, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात ब्यूफोर्टला १८३९ साली गुलाम म्हणून जन्मला. १३ मे १८६२ च्या पहाटे, कप्तानाची टोपी घालून, किल्ल्यांना ठरलेल्या शिट्ट्या देत त्यानं चार्ल्सटन बंदरातून दक्षिणेचं लष्करी जहाज पळवलं, बायकोमुलांसह!

मला मात्र १८६८ जास्त भावतं. लहानपणी शाळा न पाहिलेला हा माणूस राज्याच्या घटना परिषदेत सर्वांसाठी मोफत, सक्तीच्या शाळा मागत होता. पुढे आमदार, खासदार झाला. १८९५ च्या परिषदेत कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी भांडला, हरला. १९१५ साली ब्यूफोर्टलाच वारला, जुन्या मालकाच्या घरात. ते त्यानं विकत घेतलं होतं.