पंडित रविशंकर शुक्ल : रायपूरचे वकील, नागपूरचे मुख्यमंत्री

मध्य प्रांत व वऱ्हाड हा प्रांत भाषेच्या दृष्टीने कधीच एकसंध नव्हता. नागपूर विभाग आणि वऱ्हाड मराठी, जबलपूरपासून छत्तीसगढपर्यंतचा महाकोशल हिंदी, आणि राजधानी मराठी मुलखातले नागपूर, अशी त्याची घडण होती. काँग्रेसनेही या प्रांतात एकच प्रांतिक समिती न ठेवता महाकोशल, नागपूर व विदर्भ अशा तीन समित्या ठेवल्या होत्या. अशा या प्रांताचे नेतृत्व प्रथम १९३८-३९ मध्ये आणि पुढे १९४६ पासून १९५६ पर्यंत सलगपणे रायपूरच्या एका हिंदीभाषी वकिलाकडे राहिले. मराठी राजकीय लेखनात पंडित रविशंकर शुक्ल यांचे नाव बहुधा डॉ. ना. भा. खरे यांच्या पदच्युतीच्या प्रकरणापुरतेच येते. हिंदी लेखनात ते मध्य प्रदेशाचे शिल्पकार म्हणून येतात आणि नागपूरची दहा वर्षे तेथे जणू प्रस्तावनेसारखी उरकली जातात. वस्तुतः त्यांच्या विधिमंडळीय जीवनाचा गाभा त्या दोन भाषांच्या सहवासातच सापडतो.

शुक्ल यांचा जन्म सागर येथे २ ऑगस्ट १८७७ रोजी झाला. शालेय शिक्षणाचा काही काळ रायपुरात गेला आणि पदवीचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात झाले. वकिलीपूर्वी त्यांनी खैरागढ संस्थानातील विद्यालयात अध्यापन केले. पुढे ‘सरस्वती’चे संपादक झालेले पदुमलाल पुन्नालाल बक्षी हे त्या काळचे त्यांचे विद्यार्थी. रायपुरात वकिली सुरू झाल्यावर ते बुढापारा वस्तीत स्थायिक झाले, आणि १९३३ च्या हरिजन दौऱ्यात महात्मा गांधींचा मुक्काम त्यांच्याच घरी होता.

त्या वेळच्या रायपूरचे सार्वजनिक जीवन हिंदी व मराठी मंडळींनी मिळून उभे केले होते, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे होती. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे मराठीभाषी, आणि त्यांचे सहकारी वामन बळीराम लाखे हेही मराठीच. सप्रे यांनी लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, तर लाखे यांनी रायपुरात सहकारी चळवळीचा पाया घातला. शुक्ल यांच्या राजकारणाची जडणघडण याच मंडळींच्या सहवासात झाली. पुढे नागपुरात मराठी सहकाऱ्यांमध्ये वावरताना त्यांना जो सहजपणा होता, त्याची मुळे येथे शोधावी लागतात.

१९२२ मध्ये रायपूर जिल्हा राजकीय परिषदेच्या मंडपात अधिकाऱ्यांनी प्रवेशपत्रिकेवाचून शिरण्याचा आग्रह धरला. शुक्ल यांनी त्यांना रोखले आणि त्याबद्दल त्यांना अटक झाली. घटना तशी लहान, परंतु तिने जिल्ह्याला नेता दिला. १९२३ च्या निवडणुकीत ते स्वराज्य पक्षातर्फे प्रांतिक कायदेकौन्सिलात गेले. मध्य प्रांत हा असा एकमेव प्रांत होता, की जेथे या पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले. त्या बहुमताने मंत्रिपदे स्वीकारली नाहीत, उलट १९२४ मध्ये मंत्र्यांचे वेतन वर्षाला २ रुपये ठरवून द्विदल राज्यव्यवस्थेचा डोलाराच निरर्थक करून टाकला. कौन्सिलात पक्षाचे एक प्रमुख होते बिलासपूरचे ई. राघवेंद्र राव. ते पुढे सरकारी पदांकडे वळले, शुक्ल वळले नाहीत. छत्तीसगढातील या दोन वकिलांच्या वाटा येथे फुटल्या, आणि १९३७ मध्ये त्यांची गाठ पुन्हा पडणार होती.

दरम्यानच्या काळात शुक्ल यांचे खरे कार्यक्षेत्र रायपूर जिल्हा कौन्सिल हे होते. १९२७ पासून दशकभर ते तिचे अध्यक्ष होते. मालमत्ता, कर व शिक्षण यांच्या अटींनी सीमित झालेल्या मतदारवर्गाच्या जोरावर प्रांतिक कौन्सिलात निवडून येणे त्या मानाने सुकर होते. गावोगावच्या शाळांवर हुकमत असलेली स्थानिक संस्था हाती ठेवणे अधिक दूरगामी ठरले. शिक्षकांच्या परिषदा आणि कौन्सिलचे ‘उत्थान’ हे मासिक यांतून प्राथमिक शिक्षक हा राष्ट्रीय चळवळीचा खेड्यातला वाहक बनला. सविनय कायदेभंगात शुक्ल यांना तुरुंगवास घडला आणि वकिलीची सनदही गेली. तथापि शाळांमधून विणलेले हे जाळे टिकून राहिले, आणि १९३७ च्या यशाचा विचार करताना तुरुंगवासाइतकेच ते मोजावयास हवे.

१९३७ च्या निवडणुकीत ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत लाभले. काँग्रेसने आरंभी अधिकारग्रहण नाकारल्यामुळे १ एप्रिलला मंत्रिमंडळ बनविले ते त्याच राघवेंद्र रावांनी, आणि जुलैत ते पायउतार होऊन डॉ. खरे यांचे मंत्रिमंडळ आले. त्यात शुक्ल शिक्षणमंत्री झाले. त्यांची विद्यामंदिर योजना म्हणजे जिल्हा कौन्सिलातील अनुभवाचा प्रांतिक विस्तार होता. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा व शिक्षक यांचा निर्वाह व्हावा, अशी कल्पना. तिला गांधींचा आशीर्वाद मिळाला, मात्र ‘मंदिर’ या शब्दामुळे मुस्लिम लीगचा तीव्र विरोधही ओढवला. योजनेच्या आर्थिक आधारावर जेवढी चर्चा व्हावयास हवी होती, तेवढी त्या नावाच्या गदारोळात झाली नाही.

खरे प्रकरणाची हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे, तरी तिचा क्रम लक्षात घेणे इष्ट. मे १९३८ मध्ये पचमढीस मंत्र्यांमध्ये समेट घडवून आणण्यात आला, पण तो टिकला नाही. २० जुलै रोजी खरे यांनी राजीनामा दिला. नागपूर-वऱ्हाडचे देशमुख व गोळे हे दोन मंत्री त्यांच्यापाठोपाठ बाहेर पडले. महाकोशलचे तीन मंत्री, शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र व दुर्गाशंकर मेहता, यांनी वरिष्ठ काँग्रेसच्या आदेशावाचून राजीनामा देण्याचे नाकारले. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी त्यांना बडतर्फ केले. २१ जुलैला खरे यांनी नवे मंत्रिमंडळ बनविले आणि दोनच दिवसांत त्यांना तेही सोडावे लागले. २७ जुलैला वर्ध्यात सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली विधिमंडळ पक्षाने शुक्ल यांची नेतेपदी निवड केली.

मंत्र्यांची फाटाफूट भाषेच्या रेषेवरच झाली, यात शंका नाही. त्यामुळे हा हिंदीने मराठीवर मिळविलेला विजय होय, ही समजूत मराठी मुलखात रुजली. ती सर्वस्वी निराधार नाही, अपुरी मात्र आहे. शुक्ल यांच्या नव्या मंत्रिमंडळात संभाजीराव गोखले होते. खरे यांनी आपल्या औटघटकेच्या मंत्रिमंडळात घेतलेले दलित नेते रामेश्वर अग्निभोज १९४६ नंतर शुक्ल यांच्याच सरकारात मंत्री झाले. वादाचा मूळ प्रश्न वेगळा होता : विधिमंडळातील नेता कोणाला जबाबदार, सभागृहाला व मतदारांना की पक्षाच्या कार्यकारिणीला? खरे यांचा दावा घटनात्मक दृष्ट्या कमकुवत नव्हता, पण तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी गव्हर्नरचा दरवाजा ठोठावला, आणि तेथे तो नैतिक दृष्ट्या लंगडा पडला. मतदारांनी १९३७ मध्ये बहुमत दिले खरे, परंतु प्रांताचा प्रमुख कोण हे वर्ध्यात ठरले. शुक्ल यांच्या उत्कर्षाची ही बाजूही नोंदविली पाहिजे.

नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वैयक्तिक सत्याग्रहात पुन्हा कारावास झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईहून परतताना शुक्ल यांना वऱ्हाडातील मलकापूर स्थानकावर अटक झाली आणि पुढील बंदिवासाचा काही काळ दूर वेल्लोरला गेला. १९४६ च्या निवडणुकीनंतर ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. छत्तीसगढातील १४ संस्थाने १ जानेवारी १९४८ रोजी प्रांतात विलीन झाली. त्यांत खैरागढही होते. ज्या संस्थानात त्यांनी मास्तरकी केली, ते आता त्यांच्या शासनाखाली आले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या राजवटीतील भाषाविषयक धोरण सर्वांत महत्त्वाचे वाटेल. संविधान सभेत शुक्ल हे देवनागरीतील हिंदीचे पुरस्कर्ते होते. स्वतःच्या प्रांतात मात्र १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देण्यात आले. लाहोरहून आलेल्या डॉ. रघुवीर यांना नागपुरात आश्रय देऊन त्यांच्याकडून संस्कृताधिष्ठित पारिभाषिक शब्द सिद्ध करवून घेण्यात आले. या शब्दांच्या क्लिष्टतेची थट्टा पुष्कळ झाली. परंतु दोन भाषांच्या कचेऱ्यांना एकच पारिभाषिक शब्द चालावा, ही प्रशासनाची निकड त्यामागे होती, हे थट्टेच्या भरात विसरले जाते. मराठीला शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ची आणि सयाजीरावांच्या बडोद्यातील परिभाषेची परंपरा असल्यामुळे हा प्रयत्न मराठी अधिकाऱ्यास सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नव्हते. याच नागपुरात, सरकारच्या माहिती खात्यात, गजानन माधव मुक्तिबोध या मराठीभाषी हिंदी कवीने काही काळ नोकरी केली.

१९५२ ची निवडणूक ही प्रौढ मताधिकाराची पहिली कसोटी. विधानसभेच्या २३२ जागांपैकी १९४ काँग्रेसकडे आल्या आणि शुक्ल यांचे मुख्यमंत्रिपद अबाधित राहिले. तरीही रायपूर शहराने निवडून दिले ते किसान मजदूर प्रजा पक्षाचे ठाकूर प्यारेलाल सिंह यांना. राजनांदगावच्या गिरणी कामगारांचे हे जुने पुढारी सभागृहात विरोधी पक्षनेते झाले. १९५४ मध्ये भूदानाच्या कामात असताना त्यांचे निधन झाले. शुक्ल यांच्या सत्तेचे सर्वांत जाणते टीकाकार त्यांच्याच शहरातून यावेत, हे छत्तीसगढच्या राजकीय जागृतीचे द्योतक होते. शहर मुख्यमंत्र्यांच्या प्रभावाखाली पूर्णतः दबून गेले नव्हते.

राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात विदर्भाचे स्वतंत्र राज्य सुचविले. ते झाले नाही. मराठी आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि उरलेले हिंदी जिल्हे मध्य भारत, विंध्य प्रदेश व भोपाळ यांच्याशी जोडले गेले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ७९ वर्षांच्या शुक्ल यांनी भोपाळ येथे नव्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. ज्या नागपुरात ते विद्यार्थी होते आणि जेथून त्यांनी कारभार केला, ते त्या दिवसापासून दुसऱ्या राज्यात होते. भिलाईच्या पोलाद कारखान्याची उभारणी नुकतीच हाती घेतली जात होती.

नव्या राज्याच्या मतदारांसमोर जाण्याचा प्रसंग त्यांच्यावर आलाच नाही. ३१ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. एका महिन्याने कैलासनाथ काटजू मुख्यमंत्री झाले, आणि १९५७ च्या निवडणुकीत शुक्ल यांचे पुत्र श्यामाचरण विधानसभेवर, तर विद्याचरण लोकसभेवर निवडून गेले.