नानाभाई मूस व अलिबागेची वेधशाळा

आमच्या सोलापुराकडील वाचकांपैकी कोणी लोहारकाम करीत असेल, तर त्याने कानशीखाली पडलेला लोखंडाचा कीस कागदावर पसरावा, खाली लोहचुंबक धरावा व कागदास हळूच टिचकी मारावी. कीस वळणदार रेषांनी आपोआप मांडला जाईल. न दिसणारी शक्ती कोठे कोणत्या दिशेने ओढते, हे त्या रेषा दाखवितात. मायकल फॅरडे या लोहारपुत्राने अशाच रेषांवरून मोठा विचार उभारिला. पृथ्वीही लोहचुंबकच होय. पण तिची ओढ इतकी मंद की, तेथे किसाचा उपयोग नाही. तिचे चित्र उमटविण्यात ज्यांनी आयुष्य वेचिले, त्या नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचे चरित्र आम्ही आज देत आहो.

नानाभाईंचा जन्म १८५९ साली पारशी घराण्यात झाला. १८९६ साली ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे मुख्य झाले. त्या जागेवरील ते पहिलेच हिंदी गृहस्थ. तेथे १८४१ पासून चुंबकाचे वेध घेत असत. आरंभी माणसे रात्री जागून आकडे टिपीत. पुढे छायाचित्राची युक्ती आली. टांगलेल्या चुंबकास लहानसा आरसा जोडीत व त्यावर दिव्याचा किरण पाडीत. तो परतून अंधाऱ्या खोलीत सरकणाऱ्या कागदावर पडे. चुंबक किंचित हलला तरी रेघ वरखाली होई. दिशा, आडवी ओढ व उभी ओढ अशा तीन रेघा मिळाल्या म्हणजे शक्तीचे पुरते रूप कळे.

इतक्यात मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारी वीज चुंबकास स्वस्थ राहू देणार नव्हती. साठ वर्षांची मालिका बुडण्याची वेळ आली. शहर ट्राम सोडील हे संभवनीय नव्हते, म्हणून चुंबकांनीच जागा सोडिली. अलिबागेस लोहचुंबकत्व नसलेल्या पोरबंदरी दगडाची इमारत उठली. १९०४ पासून तेथे वेध सुरू झाले, तरी कुलाब्याचे काम लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकदमच नोंदी घेतल्या. उतावळ्या माणसाने एक दार लावून दुसरे उघडिले असते. पण दोन जागांतील फरक कळल्यावाचून जुन्या आकड्यांस नवे आकडे जोडता येत नाहीत. ट्राम १९०७ साली धावू लागली, तोवर सांधा पक्का झाला होता.

१९१० साली त्यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या नोंदी विवेचनासह प्रसिद्ध केल्या. चुंबकीय वादळात आडवी ओढ प्रथम थोडी वाढते, मग एकाएकी पडते व सावकाश पूर्ववत होते, हा क्रम त्यांनी त्यात दाखविला. १९१९ साली ते निवृत्त झाले व १९३६ साली वारले.

त्यांच्या जन्मवर्षीच, २ सप्टेंबर १८५९ रोजी, पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले होते. ते किती मोठे होते, याचे माप शास्त्रज्ञांनी २००३ साली कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून काढिले.